मधली रांग, डावी सीट

गाडीत बसायच्या जागा सात होत्या. पट्टे सात, डोकं टेकायच्या उशा सात, ग्लास किंवा बाटली ठेवायचे खळगे चौदा. छताजवळ धरायच्या मुठी पाच. चालवणाऱ्याला मूठ नव्हती आणि मधल्या रांगेत मधोमध बसणाऱ्यालाही नव्हती. मोबाइल लावायची भोकं आठ, मागच्या खिडक्यांना पडदे दोन, पाठ चोळून देणाऱ्या सीटा चार. तिसरी रांग आडवी केली की डिकीत मधल्या आकाराच्या बॅगा नऊ, उभी ठेवली तर दोनच. पाय ठेवून आत चढायची उंची जमिनीपासून सत्तावन्न सेंटिमीटर. बटण दाबून गाडी खाली बसवली तर बावन्न. ही मोजणी तिने परवाच उरकली होती. आता मधल्या रांगेतल्या डाव्या सीटवर ती स्वतः बसली होती आणि मोजणीत न आलेल्या वस्तू तिच्या आजूबाजूला होत्या. बाबांची एक चप्पल, डाव्या पायाची. आईची पाण्याची बाटली, अर्धी. हॉस्पिटलचा हिरवा टॉवेल, परत करायचा राहिलेला. दार बंद होतं. काच दुहेरी असल्यामुळे हॉस्पिटलच्या तळघरातल्या पंख्यांची घरघर तोंडावर उशी दाबल्यासारखी आत येत होती. समोर खांबाला टेकून चार पाहुणे बसले होते. सकाळी बसवले होते तिथेच.

पाहुणे म्हणजे वाळूची पोती. प्रत्येकी अडुसष्ट किलो, कमरेला वाकवता येतील अशी शिवलेली, म्हणजे सीटवर माणसासारखी बसतात. हा शब्द तिच्या ऑफिसातल्या जाड्याचा. जाड्या खरोखरच जाड होता आणि सीटची रुंदी तपासायला त्याचाच उपयोग व्हायचा. तो म्हणायचा, "आपल्याला माणसांपेक्षा पाहुणे बरे. चहा मागत नाहीत, उलटी करत नाहीत, आणि पट्टा लावा म्हटलं तर तोंड वाकडं करत नाहीत." गाडी घ्यायच्या आधी लोक जिचं मत वाचतात अशी ती एक लहानशी संस्था होती. इंजिन, वेग, पेट्रोल दुसऱ्यांकडे. तिच्याकडे 'आराम आणि सोय'. पदार्थविज्ञान शिकून सीटा मोजतेस होय, असं मामा भेटला की म्हणायचा, आणि ती हसायची, कारण तिला ते काम मनापासून आवडत होतं. रस्ता आणि माणूस यांच्यामध्ये काय काय असतं? टायरमधली हवा, स्प्रिंग, लोखंड, फोम, कातडं. मग माणसाची स्वतःची चरबी, आणि सगळ्यात शेवटी हाड. रस्त्याचा धक्का या एकेका थरातून जाताना किती उरतो, ते एका चकतीवर कळायचं. रबराची चपटी चकती, थाळीएवढी, सीटवर ठेवायची आणि तिच्यावर पाहुणा बसवायचा. चाळीस मिनिटं ठरलेल्या वेगाने गाडी चालवायची. चकती प्रत्येक थरथर टिपते, लॅपटॉप त्या सगळ्यांची सरासरी काढतो, आणि अख्ख्या प्रवासाचा एकच आकडा हातात येतो. तो ०.३१५ च्या खाली असला की शेरा ठरलेला: त्रास नाही. काल चार पाहुण्यांसह हीच गाडी ०.२४८ वर आली होती. एवढा खाली आलेला आकडा तिने नोकरीत पाहिला नव्हता. पाहुण्यांचे पट्टे सोडताना ती चक्क गुणगुणत होती.

आज बाबांना घरी नेताना धक्का एकच बसला. घरापासून दोन वळणं अलीकडे, शाळेच्या भिंतीलगत, नवा स्पीडब्रेकर होता आणि त्यावर अजून पांढरे पट्टे मारलेले नव्हते. रस्त्याच्याच रंगाचा, झाडाच्या सावलीत. तिला तो दिसला तेव्हा पुढची चाकं त्यावर चढत होती. पुढे बसून तिला फार काही जाणवलं नाही. खळग्यातलं पाणी डचमळलं, बस्स. गाडीचं नाक वर गेलं आणि मऊपणे खाली आलं, आणि त्या अर्ध्या क्षणात तिच्या मनात चक्क कौतुकाचा शब्द आला. मग मागची चाकं आली. मागून "हं" असा आवाज आला. विव्हळण्याचा नव्हता तो. कुणी काही सांगितल्यावर आपण ऐकतोय हे दाखवायला माणूस करतो, तसा.

तिने आरशात पाहिलं. बाबांचा चेहरा होता तसाच होता, हनुवटी वर, नजर समोर.

"लागलं का बाबा?"

"चालू दे, फूटपट्टी."

फूटपट्टी हे तिचं नाव, सहावी-सातवीपासूनचं. तेव्हा ती घरातलं सगळं मोजत सुटली होती, आईच्या लाटण्याचा घेर, मांजराची शेपटी, बाबांचं पाऊल. बाबा कवायतीचे मास्तर. मैदानावर ते चालायचे तेव्हा प्रत्येक पाऊल शहात्तर सेंटिमीटर पडायचं, तिने मागून खुणा करत जाऊन पडताळलं होतं, आणि त्यांना ते कळल्यावर त्यांनी साऱ्या वर्गासमोर सांगितलं होतं, "बघा रे, माझ्या घरी इन्स्पेक्टर पाळलाय." ताठ उभं राहणं हा त्यांच्या लेखी चारित्र्याचा भाग होता. वाकून बसलेल्या माणसाबद्दल ते म्हणायचे, याला कणा नाही, आणि ते अगदी शब्दशः म्हणायचे. त्यांच्या स्कूटरवर ती मागे बसायची. रस्ता खराब होता आणि स्कूटरचे स्प्रिंग केव्हाचे मेले होते. प्रत्येक खड्ड्याआधी बाबा मान न वळवता ओरडायचे, "उचल!" की ती पायफळीवर जोर देऊन बूड सीटवरून उचलायची, स्कूटर खालून उडायची, आणि ती हवेतल्या हवेत, काही न लागता, पुन्हा बसायची. पुढे पुढे तिला खड्डा दिसतही नसे, बाबांच्या पाठीमागे काय दिसणार. नुसता आवाज यायचा आणि गुडघे आपोआप ताठ व्हायचे. आज सकाळी ती पुढे होती आणि बाबा मागे होते. उचल म्हणायला एक शब्द पुरला असता. पण म्हटलं असतं तरी त्यांनी काय उचललं असतं?

आजार मुळात दुसरीकडचा. कण्यात तो मागाहून उतरला. वर्षभरापूर्वी तिने दाराच्या चौकटीला लावून बाबांची उंची घेतली होती, सहज, टेप हातात होती म्हणून, आणि चार सेंटिमीटर कमी भरली होती. "बाबा, तुम्ही आटलात," ती म्हणाली होती. "धुतल्यावर आटतंच कापड," बाबा म्हणाले होते, आणि तिघंही हसली होती. आता फोटोत ते मणके वाळवी लागलेल्या लाकडासारखे दिसायचे. हाडांच्या डॉक्टर, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई, घरी सोडताना एवढंच म्हणाल्या होत्या की आणखी इथे ठेवून काही साधणार नाही, घरी त्यांना बरं वाटेल. फक्त जपून न्या.

"ॲम्ब्युलन्स सांगू?" बाईंनी विचारलं.

"कशाला?" बाबा म्हणाले. "ती आहेच की शेवटी. जिवंतपणी तरी बसून जाऊ दे."

"अहो, काहीतरी चांगलं बोला," आई म्हणाली.

"चांगलंच बोलतोय. आडवा होऊन आलो तर सगळी बिल्डिंग खाली उतरेल. त्या तळमजल्यावाल्याला तर तेवढंच हवंय. मी दारातून चालत जाणार. दहा पावलं का होईना. तुम्ही दोघी दोन बाजूंना राहा, पण धरायचं नाही."

ती पटकन म्हणाली, "माझ्याकडे गाडी आहे ना. मी आजवर मोजलेल्यांत सगळ्यात मऊ." तिच्या आवाजात कालचा आकडा होता. ॲम्ब्युलन्सचं स्ट्रेचर कसं खडखडतं तेही तिने ऐकलं होतं. ते जुनं लोखंड आणि ही गाडी यांची तुलनाच नव्हती, आणि याबद्दल ती बरोबरच होती. डॉक्टरबाईंनी विचारलं, मऊ म्हणजे किती, आणि तिने सांगितलं. बाई किंचित हसल्या. "मला आकड्यातलं कळत नाही. धक्का बसता कामा नये, एवढंच कळतं."

मग हे तळघर. बाबा चाकाच्या खुर्चीत, मांडीवर टॉवेल, आणि आईने गाडीचं दार उघडल्याबरोबर नाक मुरडलं. "ही पोती कसली भरलीयत?"

"वजनासाठी असतात, आई. ऑफिसची आहेत."

"वजनासाठी? आणि आम्ही काय हवेचे आहोत? काढ आधी ती. त्यांच्या पायाशी घाण नको."

खुर्ची ठेवायला तिसरी रांग आडवी करायलाच हवी होती, म्हणजे पाहुणे निघणारच होते. वॉर्डबॉयने हात लावला. चारही पाहुणे खांबाशी बसवले. त्यातला एक कलंडला तसं बाबा म्हणाले, "सावधान," आणि वॉर्डबॉय खो खो हसला. तिने गाडी बटणाने खाली बसवली. बाबांनी वरची मूठ धरायला हात उचलला, तो खांद्याच्या वर गेला नाही, आणि त्यांनी केस सारखे केल्यासारखं करून तो खाली घेतला. तेव्हा तिला चकती आठवली. चाळीस मिनिटांचं एक मोजमाप अजून बाकी होतं, घरापर्यंतचा रस्ताही बरोबर तेवढाच होता. एका दगडात दोन पक्षी, हे तिच्या मनात याच शब्दांत आलं. "बाबा, ही चकती खाली ठेवली तर चालेल? टोचत नाही."

"ठेव की. तेवढाच उपयोग. बसल्या जागी नोकरी लागली म्हणायची."

त्यांचं वजन गेल्या आठवड्यात शेहेचाळीस भरलं होतं. आईचं एकोणपन्नास. चार पाहुण्यांचं दोनशे बाहत्तर. या तीन आकड्यांपैकी एकही तिला नवा नव्हता. रिकामी गाडी उसळते, हे तर कुणालाही कळतं, रिकाम्या एस.टी.त मागच्या बाकावर बसू नये हे तिला शाळेत असताना कळलं होतं, आणि स्प्रिंग ज्या भारासाठी बांधलेली असते तो भार नसला तर ती दगडासारखी वागते, हे तिने परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं. पण ऑफिसात गाडी नेहमी भरलेली असायची. तो नियमच होता, सगळ्या गाड्यांना एकच न्याय मिळावा म्हणून केलेला. चार पाहुणे बसवल्याशिवाय चकती चालूच करायची नाही. इतक्या गाड्या मोजल्यावर तिच्या डोक्यात आकडा गाडीला चिकटला होता. पाहुणे त्यातून केव्हा गळून पडले ते कळलंच नाही. काल जी मऊ होती ती पाहुण्यांची गाडी होती.

स्पीडब्रेकरनंतर दोन-तीन मिनिटांत घर आलं. त्या वेळात आईने दोनदा बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला, त्याकडे त्यांनी पाहिलं नाही. फाटकातून आत वळून तिने गाडी खाली बसवली, फिरून डावीकडचं दार उघडलं. ऊन स्वच्छ पडलं होतं. तळमजल्यावाले खिडकीत होते. बाबा सीटवर ताठ बसले होते, दोन्ही हात मांडीवर, समोर बघत.

"चला बाबा. आधी डावा पाय."

"हो."

काहीच हललं नाही.

"डावा, बाबा."

"फूटपट्टी," ते हळूच म्हणाले, खिडकीत ऐकू जाणार नाही इतक्या हळू, "माझे पाय कुठेत बघ गं."

पाय जागेवरच होते. एक चप्पल निसटून पायफळीवर आली होती, आणि उघडं पाऊल कातड्याच्या चटईवर पालथं पडलं होतं, कुणीतरी ठेवून गेल्यासारखं. मग ॲम्ब्युलन्स आलीच. सगळी बिल्डिंग खाली उतरली. तळमजल्यावाल्याने पुढे होऊन स्ट्रेचरला हात लावला, आणि मान्य करायला हवं, त्या माणसाने ते फार जपून उचललं. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. आई ॲम्ब्युलन्समध्ये चढली. ती त्या मऊ गाडीतून मागोमाग आली, आणि तो स्पीडब्रेकर पुन्हा आला तेव्हा इतकी सावकाश गेली की मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले.

वर डॉक्टरबाईंनी बाबांच्या तळव्यावरून किल्लीचं टोक ओढलं होतं. मग घोट्यावर, मग गुडघ्यावर, मग मांडीवर, आणि प्रत्येक वेळी विचारलं, इथे? बाबा छताकडे बघून उत्तर द्यायचे, वर्गात हजेरी देतात तसं, नाही. नाही. नाही. बेंबीच्या चार बोटं वर हो आलं. बाहेर व्हरांड्यात बाई म्हणाल्या, "मणका खचलाय. नस दबलीय. ऑपरेशन म्हणाल तर टेबलावरून उठतील की नाही सांगता येत नाही." मग म्हणाल्या, "हे होणारच होतं. माणूस शिंकला तरी होतं अशा हाडांना. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"पण पुन्हा उभे..."

"नाही."

आई भिंतीकडे तोंड करून उभी होती. ती एकदाच बोलली, आणि तेही न वळता. "पोती मीच काढायला लावली," ती म्हणाली. तिला पोत्यांचं आणि स्प्रिंगचं काही ठाऊक नव्हतं. तरी तिने नेमकं तेच कसं उचललं? तिने आईचा पदर खांद्यावर नीट केला आणि आत गेली.

बाबा जागे होते. चादरीखाली त्यांचे पाय एकमेकांना समांतर होते, फार सुबक. सलाईनच्या थेंबाकडे बघत ते म्हणाले, "किती आला गं?"

"काय?"

"तो मधला. शाळेपाशी."

"बघितलं नाही अजून."

"बघून ये." आवाजात राग नव्हता. मैदानावर उशिरा आलेल्या पोराला फेरी मारून ये म्हणायचे, तसा सरळ. "मोजलंयस ना? मग आकडा सांग. नाहीतर बसवलंस कशाला मला त्याच्यावर." आणि ती दारापर्यंत गेल्यावर, "पास का नापास, एवढं तर कळू दे."

म्हणून ती खाली आली होती, आणि पुढे बसायचं सोडून मधल्या रांगेत, डाव्या बाजूला, त्यांच्याच जागी बसली होती. चकती अजून सीटवर होती. ती तिच्यावरच बसली. सीट अंगाला धरून होती, कातडं थंड, बारीक भोकाभोकांचं, नव्या बुटांसारख्या वासाचं. तिने पाहिलं की इथून पुढचा रस्ता फार थोडा दिसतो, पुढच्या सीटचा खांदा, आरशाची कड, आरशात चालवणाऱ्याचे डोळे. बाबांना तो स्पीडब्रेकर दिसलाच नसणार. त्यांना फक्त तिचे डोळे दिसले असणार. दारावरच्या पट्टीत बरीच बटणं होती. लॅपटॉप ओढून घेताना कोपर त्यातल्या कुठल्यातरी बटणावर पडलं आणि सीटच्या आत काहीतरी जागं झालं. कातड्याखालून दोन गोल मुठी कमरेशी आल्या आणि वर सरकू लागल्या, एकेका मणक्यापाशी थांबत, दाबत, सोडत, पुढच्याशी जात. मोजत असल्यासारख्या. मानेशी पोचल्या, क्षणभर थांबल्या आणि पुन्हा खालून सुरू झाल्या. ती बंद करायचं बटण शोधत राहिली. मग तिने शोधणं सोडलं. मुठी तीनदा वर गेल्या, तीनदा खाली आल्या. तिच्या पाठीत सगळं जागच्या जागी होतं.

फोन वाजला. जाड्या.

"मॅडम, गाडी आज परत द्यायचीय, लक्षात आहे ना? साहेब आकडा मागतायत. पाहुणे काय म्हणतायत?"

"खाली बसलेत."

"बसू दे, त्यांना कुठे घाई आहे. आणि बाबा पोचले का मजेत?"

तिने समोर खांबाकडे पाहिलं. कलंडलेला पाहुणा पुन्हा कलंडला होता, दुसऱ्याच्या खांद्यावर.

"जाड्या, रिकाम्या गाडीचं मोजमाप आपण कधी घेतलंय?"

"रिकामी गाडी कोण मोजतं? रिकाम्या गाडीत त्रास व्हायला असतं कोण?" तो हसला. मग थांबला. "का गं? काय झालं?"

"काही नाही. एक मोठा धक्का आलाय मध्ये."

"एकच ना? मग विरतो तो सरासरीत. धरून काढ, वगळून काढ, दोन्ही लिही, म्हणजे साहेब कटकट करणार नाहीत." आवाज खाली आणून तो म्हणाला, "रडतेयस का तू?"

"नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

पडद्यावर चाळीस मिनिटं एका रेघेत पडली होती. हॉस्पिटलची उतरण, सिग्नल, पुलावरचा लांब सपाट भाग, तिथे रेघ जवळजवळ सरळ, तिथेच बाबा म्हणाले होते की विमानात बसल्यासारखं वाटतंय. मग पुन्हा गल्ल्या, बारीक थरथर. आणि शेवटाकडे एक उभी काडी, इतकी अरुंद की पडद्यावरची धूळ असावी. तिने बोटाने पुसून पाहिलं. ती मोठी करून बघितली. मोठी केल्यावर तिला एक चढ होता, एक टोक होतं, आणि टोकानंतर रेघ हळूहळू शांत होत गेली होती, कारण वर बसलेल्या माणसाने अंग अजिबात हलवलं नव्हतं. त्या काडीच्या दोन्ही बाजूंना तिने खुणा केल्या. लॅपटॉपने थोडा वेळ घेतला. ती वाट बघत होती तेव्हा मुठी चौथ्यांदा तिच्या कमरेशी आल्या.

मधली रांग, डावी सीट, चाळीस मिनिटं. धक्का धरून ०.३०६. धक्का वगळून ०.३०२. शेरा: त्रास नाही.